पारा, नाद आणि परीस

कोणत्याहि जुन्या घराण्यांत वडीलधाऱ्या मंडळींना बोलतें केलें म्हणजे दोन गोष्टी बहुधा निघतातच. एक, घरांत कोठें तरी पुरलेल्या धनाची, आणि दुसरी, घरांतील एखाद्या पुरुषाला लागलेल्या वेडाची. केळशी येथील आमच्या घरांत या दोन्ही गोष्टी एकाच पुरुषाच्या नांवावर जमा आहेत. हे आमच्या आजोबांचे धाकटे बंधु. आम्ही मुलें त्यांना भाऊआजोबा म्हणत असूं. आम्हीं त्यांना पाहिलें तें त्यांच्या अखेरच्या दिवसांत व आमच्या अगदीं लहानपणीं. म्हणून पुढील हकीकत बरीचशी ऐकीव आहे.

केळशी हें गांव रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांत, भारजा नदीच्या मुखाशीं वसलेलें आहे. समोर समुद्र, बाजूस खाडी, मध्यें नारळीपोफळीच्या वाड्या, महालक्ष्मीचें घुमटांचें देऊळ, आणि ज्यांचा शिवछत्रपतींनीं आदर केला असें परंपरा सांगते त्या याकूबबाबांचा दर्गा. सुमारें नव्वद वर्षांपूर्वीं या गांवांत एक बैरागी आला. भाऊआजोबांचें वय तेव्हां पंचविशीच्या आसपास होतें. बैराग्यानें आमच्या वाडींतील खोपींत भट्टी मांडली आणि एके रात्रीं मुशींतून हरभऱ्याएवढा सोन्याचा मणि काढून दाखविला. मग ‘बीज’ म्हणून अधिक सोनें हवें झालें. काकीआजीच्या हातांतील पाटल्या त्या मुशींत गेल्या. चाळीस दिवस भट्टी पेटत होती. एकेचाळिसाव्या दिवशीं पहांटे पाहतात तों बैरागी नाहीं आणि पाटल्याहि नाहींत. मागें राहिला एक दगडी खल, पावशेर पारा व सावकाराचें कर्ज. तें फेडण्यासाठीं खाडीकडील वाडीचा तुकडा विकावा लागला. तेव्हांपासून आमच्या घरांत कोणी कांहीं खुळें धाडस करूं लागला कीं, “भाऊंची किमया नको,” असें म्हणावयाची चाल पडली. आम्हीहि तें म्हणत असूं व हंसत असूं.

पुढें कॉलेजांत इंग्रजी वाङ्‌मय शिकत असतां चॉसरची एक कथा आमच्या वाचनांत आली. ‘कँटरबरी टेल्स’ या चौदाव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथांत एका किमयागाराचा नोकर आपल्या धन्याच्या धंद्याचें बिंग फोडतो. विस्तव फुंकफुंकून त्याचा वर्ण बिघडलेला आहे आणि जवळची पुंजी धुरांत गेलेली आहे. तो लंडनमधील एका पाद्र्याला कसें फसविण्यांत आलें तें सांगतो: कोळशाला भोंक पाडून त्यांत चांदीचा कीस भरावयाचा, वर मेण लावावयाचें, आणि तो कोळसा मुशीवर ठेवावयाचा, मेण वितळलें कीं चांदी मुशींत उतरते व भोळ्या पाहणाऱ्यास पाऱ्याची चांदी झालीसें वाटतें. हें वाचतांच, “बैराग्याला कोळसा देखील स्वतःचाच लागे,” असें जें वाक्य आम्हीं घरीं अनेकदां ऐकलें होतें त्याचा अर्थ एका क्षणांत उमगला. त्या दिवशीं आम्हांस प्रथम हंसूं आलें, आणि मग थोडी लाज वाटली. लंडनचा पाद्री आणि केळशीचे भाऊआजोबा यांच्यामध्यें सहाशें वर्षें व सात समुद्र असूनहि जी भूल एकच राहिली, ती केवळ लोभाची असेल काय, असा प्रश्न तेव्हां मनांत आला. त्या प्रश्नास पुढें आणखी एक कारण मिळालें. भाऊआजोबांच्या निधनानंतर त्यांची लांकडी पेटी उघडली तेव्हां तींत दोन पुस्तकें सांपडलीं. एक ‘रसरत्नसमुच्चय’, दुसरें ‘संगीतरत्नाकर’. दोन्ही पुण्याच्या आनंदाश्रमानें छापलेलीं. पाऱ्याचें पुस्तक आणि गाण्याचें पुस्तक एका पेटींत कां असावें, याचा शोध घेतां घेतां जें हातीं आलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्द पाहूं. ‘किमया’ हा शब्द मराठींत फारसींतून आला. फारसींत तो अरबींतून व अरबींत ग्रीकांतून गेला. त्यालाच अरबी ‘अल्’ हा उपपद लागून युरोपांत ‘अल्केमी’ झाली आणि तिची मुलगी ‘केमिस्ट्री’. आमच्याकडे मूळचा शब्द ‘रसायन’. त्यापासून रसायनशास्त्र झालें. तेव्हां आज शाळेंत मुलें जी विद्या प्रयोगशाळेंत शिकतात तिच्या पूर्वेकडील व पश्चिमेकडील दोन्ही नांवांत भाऊआजोबांच्या भट्टीचा धूर अजून आहे. यांतहि एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. इ. स. ११११ मध्यें निवर्तलेल्या इमाम गझालीनें धर्माचरणावर जो फारसी ग्रंथ लिहिला त्याचें नांवच ‘कीमिया-इ-सआदत’, म्हणजे कल्याणाची किमया, असें आहे. त्यांत तांब्याचें सोनें करण्याची कृति नाहीं. हीन मनाचें थोर मन कसें होईल याचा विचार आहे. म्हणजे हा शब्द मराठींत येण्यापूर्वींच त्याला धातूचा व आत्म्याचा असे दोन अर्थ जडलेले होते.

आमच्या रसशास्त्रांतहि हे दोन अर्थ आरंभापासून एकत्र नांदतात. चौदाव्या शतकांत माधवाचार्यांनीं ‘सर्वदर्शनसंग्रह’ रचिला, त्यांत चार्वाक, बौद्ध, जैन, शैव यांच्या बरोबरीनें ‘रसेश्वरदर्शन’ नांवाचें एक स्वतंत्र दर्शन सांगितलें आहे. पारा हा संसाराच्या पार नेतो म्हणून ‘पारद’, अशी त्याची व्युत्पत्ति तेथें लावलेली आहे. या मताचे लोक म्हणत कीं, मेल्यावर मिळणारी मुक्ति कोणीं पाहिली? ज्ञान व्हावयाचें तें देह असतांनाच. मग देहच टिकाऊ करावा. त्यासाठीं साधन पारा. तो शिवाचें तेज. अभ्रक हें पार्वतीचें. ‘रसार्णव’ या ग्रंथांत भैरव देवीला सांगतो कीं, रसाची परीक्षा आधीं धातूवर करावी व ती उतरली म्हणजे मग देहावर. यावरून सोनें करणें हें या विद्येचें अंतिम साध्य नसून ती तिची कसोटी होती, असें दिसतें. बैराग्यांनीं पुढें कसोटीचाच बाजार मांडला, ही गोष्ट निराळी.

ही विद्या केवळ मंत्रतंत्रांची होती असेंहि कोणी समजूं नये. गोविंद भगवत्पादांच्या ‘रसहृदयतंत्रां’त पाऱ्याचे अठरा संस्कार सांगितले आहेत. स्वेदनांत औषधांसह पाऱ्याची पुरचुंडी कांजीच्या मडक्यांत अधांतरीं टांगून वाफ द्यावयाची, त्याला दोलायंत्र म्हणतात. मर्दन खलांत. पातनासाठीं दोन मडकीं तोंडाला तोंड लावून सांध्यावर कापडमाती करावयाची; खालच्यास आंच, वरच्यास ओलें फडकें; पारा वाफ होऊन वर चढतो व थंड होऊन वरच्या मडक्यांत जमतो. हें डमरूयंत्र. पारा ३५७ अंश सेंटिग्रेडवर उकळतो, ही आधुनिक संख्या त्यांच्यापाशीं नव्हती. पण किती आंच म्हणजे पुरे हें त्यांना ठाऊक होतें. पहिले आठ संस्कार औषधापुरते. पुढचे पाऱ्याला अभ्रक व सोनें ‘खाऊं’ घालण्याचे, आणि शेवटचे दोन वेध व सेवन. यांतील जवळजवळ सारी भाषा भुकेची व पचनाची आहे: दीपन म्हणजे पाऱ्याची भूक वाढविणें, ग्रास म्हणजे घांस, जारण म्हणजे तो जिरविणें. पारा सोनें खरोखरच गिळतो. सोन्याचा मुलामा देणाऱ्या सोनारालाहि हें ठाऊक असतें. आणि पारा व गंधक खलांत एकत्र घोटले म्हणजे तो चंचल, हातीं न लागणारा रुपेरी पदार्थ एकाएकीं नाहींसा होऊन काजळासारखी काळी कज्जली तयार होते. तीच कांचेच्या कुपींत भरून वालुकायंत्रांत, म्हणजे वाळूच्या मडक्यांत, क्रमानें आंच दिली कीं कुपीच्या गळ्याशीं तांबडा रससिंदूर जमतो. पदार्थ तोच, पारा आणि गंधक. रूप मात्र काळ्याचें तांबडें. हा फरक ज्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिला त्याला लोखंडाचें सोनें अशक्य वाटावें असें त्याच्यापाशीं काय कारण होतें?

आतां दुसऱ्या पुस्तकाकडे वळूं. शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरचा कारभारी. सिंघणाचा काळ इ. स. १२१० ते १२४७. याचें घराणें काश्मीरांतून दक्षिणेंत आलेलें. ‘संगीतरत्नाकरा’च्या आरंभीं तो स्वतःविषयीं जें सांगतो तें आमच्या दृष्टीनें मोठें महत्त्वाचें आहे. दरिद्र्यांची पीडा आपण द्रव्यानें दूर केली, जिज्ञासूंची विद्येनें व रोग्यांची रसायनांनीं. आणि आतां त्रिविध तापाच्या निवारणासाठीं हा संगीताचा ग्रंथ रचीत आहों, अशा आशयाचें त्याचें म्हणणें आहे. म्हणजे द्रव्य, विद्या, रसायन आणि संगीत हीं एकाच जिन्याच्या चार पायऱ्या, आणि संगीत ही रसायनाच्या वरची पायरी! पुढें सुरांचा विचार सुरू करण्यापूर्वीं तो पिंडोत्पत्तीचें प्रकरण घालतो: गर्भ, धातु, नाड्या, चक्रें. गाण्याच्या पुस्तकांत शरीरशास्त्र कशाला, असें आजच्या वाचकास वाटेल. पण त्याच्या मतें नाद हा देहाच्या भट्टींतच तयार होतो. आत्म्यास बोलण्याची इच्छा होते, तो मनाला प्रेरितो, मन देहांतील अग्नीवर आघात करितें, अग्नि प्राणाला चालना देतो, आणि तो प्राण नाभि, हृदय, कंठ, मस्तक व मुख असा वर चढत नाद उत्पन्न करितो. ‘न’ म्हणजे प्राण, ‘द’ म्हणजे अग्नि. खालीं आंच, वर चढणारा वायु, आणि शेवटीं वरच्या पात्रांत जमणारें तेज. डमरूयंत्राचें चित्र ज्याच्या डोळ्यांपुढें आहे त्याला हें वर्णन परकें वाटणार नाहीं. शार्ङ्गदेवानें तें चित्र मनांत धरूनच लिहिलें असा आमचा आग्रह नाहीं. परंतु दोन्ही विद्यांचा देहाविषयींचा समज एकच होता, एवढें निश्चित.

हा सांधा पुढें ‘हठप्रदीपिके’त उघडच जुळविलेला आढळतो. सुमारें पंधराव्या शतकांतील या ग्रंथांत स्वात्मारामानें नादानुसंधान सांगतांना मनाला पाऱ्याची व नादाला गंधकाची उपमा दिली आहे. गंधकाच्या जारणानें पारा जसा बद्ध होतो व आपलें चांचल्य टाकितो, तसें नादानें मन बद्ध होतें, आणि निराधार अशा आकाशांत संचार करितें. बद्ध पाऱ्याची गोळी तोंडांत धरिली म्हणजे आकाशगमन साधतें, ही रससिद्धांची जुनी कल्पना. तिचाच येथें आंतला अर्थ झाला. आम्हांस तर असें वाटतें कीं, गायन ऐकतांना मनाचें काय होतें याचें इतकें नेमकें वर्णन दुसरीकडे क्वचित् सांपडेल. पारा खलांतून नाहींसा होत नाहीं. गंधकाशीं एकरूप होतो. मनहि नादांत तसेंच मुरतें.

महाराष्ट्रांत ही विद्या नाथपंथाच्या वाटेनें वाङ्‌मयांत उतरली. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा निवृत्तिनाथ, गहिनीनाथ, गोरक्षनाथ अशी. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत कुंडलिनी जागी होऊन देहांतील धातु ग्रासूं लागते, जुनी कात जाते, नवी कांति येते, दांत व नखें देखील नवीं फुटतात, असें जें विस्तृत वर्णन आहे तें रसवाद्यांच्या देहसिद्धीचेंच आहे. फरक एवढाच कीं, येथें पारा नाहीं, मूस नाहीं, भट्टी देहाच्या आंत गेली आहे. परंतु ज्ञानेश्वर तेथें थांबत नाहींत. नवव्या अध्यायांत ते कीर्तनाचा महिमा गातात, आणि योग्यांच्याहि हृदयांत न सांपडणारा देव नामघोष चालतो तेथें सांपडतो असें सांगतात. बाहेरची भट्टी देहांत आली, आणि देहांतली कंठांत. किमयेचें हें स्थलांतर हाच आमच्या मतें मराठी भक्तिवाङ्‌मयाचा एक मोठा पराक्रम आहे. कारण भट्टीला द्रव्य लागतें, योगाला एकांत लागतो, पण टाळ कोणाच्याहि हातीं बसतो.

लोककथांनींहि हाच निवाडा दिलेला आहे. मच्छिंद्रनाथाच्या झोळींतील सोन्याची वीट गोरक्षानें फेंकून दिली व गुरु कष्टी झालेला पाहून गर्भगिरीचा डोंगरच सोन्याचा करून दाखविला, ही कथा शके १७४१ मधील ‘नवनाथभक्तिसारा’मुळें घरोघर गेली. महीपतीच्या ‘भक्तविजयां’तील परिसा भागवताची कथाहि तशीच. त्याच्यापाशीं परीस होता. तो बायकांच्या हातून नामदेवाच्या घरीं आला, व नामदेवानें चंद्रभागेंत टाकिला. भागवत भांडावयास आला तेव्हां नामदेवानें नदींत बुडी मारून ओंजळभर खडे वर काढिले व यांतला तुझा कोणता तो ओळखून घे, असें म्हटलें. पाहतो तों सगळेच परीस! समर्थांनीं ‘दासबोधां’त याच्याहि पुढचें पाऊल टाकिलें. परिसाची उपमा सद्गुरूला पुरत नाहीं, असें ते म्हणतात. कारण परीस लोखंडाचें सोनें करितो पण त्या सोन्याला दुसऱ्या लोखंडाचें सोनें करितां येत नाहीं, आणि शिष्याला मात्र गुरुत्व येतें. तर्कशास्त्राच्या कोणत्याहि प्राध्यापकानें मान डोलवावी असा हा युक्तिवाद आहे.

असेंच कांहींसें युरोपांतहि घडलें. दुसऱ्या रुडॉल्फ बादशहाचा वैद्य मायकेल मायर यानें १६१७ च्या सुमारास ‘अटलांटा फ्यूजिएन्स’ नांवाचा ग्रंथ छापिला. त्यांत किमयेचीं पन्नास चित्रें आणि प्रत्येक चित्राला एकेक अशा तीन आवाजांच्या पन्नास चिजा आहेत. पळणारी अटलांटा हा एक आवाज, पाठलाग करणारा हिपोमेनीझ हा दुसरा, व तिला थांबविण्यासाठीं टाकलेलें सोन्याचें फळ हा तिसरा, ठाय स्वरांत चालणारा. पळणाऱ्या पाऱ्याला बांधणें हेंच येथेंहि गायलें आहे. खुद्द न्यूटननें किमयेवर केवढा कागद खर्ची घातला होता तें १९३६ सालीं त्याचीं टिपणें लिलांवांत निघालीं तेव्हां जगास कळलें. त्यांतील बरींच केन्स या अर्थशास्त्रज्ञानें विकत घेतलीं. तेव्हां भाऊआजोबांची संगत अगदींच हलक्या माणसांची नव्हती!

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें पुढें मांडणें अवश्य आहे. भट्टी विझवून तिची उपमा करण्यांत महाराष्ट्रानें कांहीं गमावलें नाहीं काय? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं आपल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासांत (पहिला भाग १९०२) हाच ठपका साऱ्या देशावर ठेविला आहे: हातानें काम करणारा कारागीर आणि डोक्यानें विचार करणारा पंडित यांची फारकत झाली, जगच मिथ्या ठरलें, आणि प्रयोगबुद्धि मेली. या आरोपांत बरेंच तथ्य आहे असें आम्हांस वाटतें. परीस नदींत टाकणारा नामदेव वंदनीय खराच. पण तो दगड फोडून आंत काय आहे हें पाहणाराहि एखादा निघावयास हवा होता. युरोपांत तसे निघाले. रदरफोर्डनें १९१९ सालीं नायट्रोजनचा ऑक्सिजन केला, आणि १९४१ सालीं अमेरिकेंत वेगवान न्यूट्रॉनांचा मारा करून पाऱ्याचें खरोखरीच सोनें करण्यांत आलें. पाऱ्याचा अणुक्रमांक ८०, सोन्याचा ७९, दोघे शेजारीच! पण तें सोनें किरणोत्सर्गी, थोड्याच काळांत पुनः पारा होणारें, आणि खर्चाच्या मानानें मातीमोल. शास्त्रानें किमयागाराचें म्हणणें खरें केलें आणि त्याची हांव खोटी पाडली. शिवाय देह अमर करणारा म्हणून जो पारा लोक सेवीत, तो मज्जातंतूंना किती घातक आहे हें जपानांतील मिनामाताच्या कहाणीनंतर सांगावयास नको. म्हणून जुन्या विद्येची थोरवी गातांना तिच्या नांवानें कोणी आज पाऱ्याची पुडी देऊं केली तर ती घेऊं नये, हेंहि स्पष्ट सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

भाऊआजोबांची हकीकत पुरी करावयाची राहिली. वाडी विकली गेल्यावर ते वर्षभर घराबाहेर पडले नाहींत, असें सांगतात. मग एका चैत्रांत महालक्ष्मीच्या उत्सवांत मृदंगवाला आजारी पडला आणि कीर्तनकाराच्या साथीस बसावयाला दुसरें कोणी नव्हतें. ते जाऊन बसले, आणि पुढें जन्मभर बसत राहिले. मृदंगाच्या उजव्या पुडीवर जी काळी शाई भरितात तींत लोखंडाची पूड असते. ती पूड ते स्वतः घोटीत, आणि बैराग्याचाच खल त्यासाठीं घांसूनपुसून घेतलेला होता. शाई पातळ झाली तर पुडी बोलत नाहीं, जाड झाली तर सूर दाबते. थरावर थर देऊन व घोटून ती सुरांत आणावी लागते. लोखंडाचें सोनें त्यांना करितां आलें नाहीं. लोखंडाचा सूर करितां आला. दोन पुस्तकें एका पेटींत कां, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें त्या खलांत मिळालें.

तरी ज्याच्यावर हा सारा खर्च पडला तो मनुष्य निराळाच होता. काकीआजीनें पुढें हातांत कांचेच्या बांगड्यांखेरीज कांहीं घातलें नाहीं. उत्सवांत ती खांबाशीं बसून कीर्तन ऐके, व तिचें लक्ष कथेपेक्षां मृदंगाकडेच अधिक असे. एकदां आमच्या आईनें तिला विचारलें, “काकी, पाटल्यांचें तुम्हांला कधीं वाईट नाहीं वाटलें?” ती म्हणाली, “वाटलें तर. पण पाटल्या गेल्या त्या गेल्या. माणूस भट्टींतून परत आलें, तें मीं मोजून घेतलें.” आमच्या घरांत “भाऊंची किमया” हा शब्दप्रयोग अजून चालतो, पण तो ऐकून आम्हांस आतां पूर्वींसारखें हंसूं येत नाहीं.